ते गोल रंगीत दाबा

आमच्या सोसायटीत कुणालाही गोंधळात टाकायचं असेल तर फार काही करावं लागत नाही. लिफ्टमध्ये गाठून एवढंच विचारायचं, "तुम्ही मोबाइलवर ब्राउझर कोणता वापरता?" निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "सॅमसंग." सेक्रेटरी म्हणाले, "जिओ. आधी दुसरं होतं, पण पार्किंगमध्ये रेंज यायची नाही." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर जरा दुखावल्याच. "आम्ही नाही हो वापरत तसलं काही. मुलं वापरत असतील." हे बोलताना त्यांच्या हातातल्या फोनवर अळूवडी कुरकुरीत होण्याचे उपाय उघडे होते. "मग हे कशात उघडलंत?" "हे होय? ते गोल रंगीत असतं ना, ते दाबते."

प्रश्न वयाचा आहे असं समजून मी एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पकडलं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "क्रोम. ऑब्व्हियसली." म्हणाला खरा, पण त्या क्षणी तो जे पान वाचत होता ते इन्स्टाग्रामवरच्या एका दुव्यातून उघडलेलं होतं, आणि इन्स्टाग्राम असे दुवे आपल्या पोटातल्या पोटात, स्वतःच्याच ब्राउझरमध्ये उघडतं. म्हणजे काकूंना आपण ब्राउझर वापरतो हे माहीत नव्हतं, आणि ह्याला कोणता वापरतो हे. दोघांत मला काकू अधिक प्रामाणिक वाटल्या.

जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्या ज्या जागेसाठी गेली वीस-पंचवीस वर्षं एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत, ती जागा ज्याच्या खिशात आहे त्या माणसाला लढाई चालू आहे याचाच पत्ता नाही. खटले होतात, दंड होतात, इंजिनं बदलतात, आणि आपण गोल रंगीत दाबतो.

सुरुवात मात्र अशी नव्हती. एक काळ असा होता की मोबाइलवरचं इंटरनेट ही जाणीवपूर्वक, डोळ्यांत तेल घालून करायची गोष्ट होती. १९९९ साली नोकिया ७११० हा फोन वॅप नावाचं काहीतरी घेऊन आला. त्यात हवामान दिसे, स्कोअर दिसे, आणि थोडा वेळ थांबलात तर राशिभविष्य दिसे. पुढे भारतात जीपीआरएस आलं आणि त्याच्यासोबत फोनवर एक बटण आलं. हे बटण बरोब्बर अंगठ्याखाली असे आणि ते दाबलं की इंटरनेट सुरू होई. ते मुद्दाम कुणी दाबल्याचं मी पाहिलेलं नाही. ते चुकून दाबलं जाई, आणि मग पडद्यावर 'कनेक्टिंग' उमटायच्या आत माणूस लाल बटणावर अक्षरशः तुटून पडे. एवढं केल्यावरही तो लगेच बॅलन्स तपासत असे, कारण दर १० केबीला १० पैसे असा होता. साधारण एक एमबीचं पान उघडलं तर दहा रुपये. त्या काळात दहा रुपयांत दोन वडापाव येत, आणि ते दोन्ही पूर्ण लोड झालेले असत.

या दारिद्र्यावर उपाय नॉर्वेहून आला. ऑपेरा मिनी. जानेवारी २००६ मध्ये ते जगभर खुलं झालं आणि साध्यासुध्या जावा फोनवर चालू लागलं. त्याची युक्ती अशी की तुमच्या फोनने काही करायचंच नाही. तुम्ही पत्ता टाकला की कंपनीचा सर्व्हर ते पान आणणार, चेपून चेपून मूळच्या दहाव्या हिश्शापर्यंत आणणार आणि मग तुमच्याकडे पाठवणार. दहा रुपयांचं पान रुपयात आलं. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांमधून त्या लाल 'ओ'ला जे प्रेम मिळालं ते स्कॅन्डिनेव्हियाच्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला मिळालेलं नाही.

पण त्यात मराठी दिसत नसे. मराठी पान उघडलं की चौकोनांच्या रांगा. लांबट चौकोन, रिकामे चौकोन, शेवटी पूर्णविराम. मग एक गुप्त विद्या फिरू लागली. ती कुठे छापलेली नव्हती, ती मित्राकडून मित्राकडे जाई. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', मग कोलन, मग 'कॉन्फिग' असं टाकायचं. कोलन हे चिन्ह त्या बारा बटणांच्या फोनवर शोधणं हीच अर्धी परीक्षा होती. मग इंग्रजीत एक सेटिंगांची यादी उघडे. तिच्या तळाशी जाऊन अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरावेत का, या प्रश्नाला 'येस' म्हणायचं, सेव्ह करायचं, आणि पुन्हा पान उघडायचं. आणि मराठी दिसे! चौकोनांचं मराठी होताना पाहण्यात जो आनंद होता तो आजच्या मुलांना समजावून सांगता येणार नाही.

गंमत अशी, की ते मराठी अक्षरांचं नव्हतंच. सर्व्हर त्या मजकुराची चित्रं काढून पाठवत होता. एका अख्ख्या पिढीने मराठी ब्लॉग, मराठी वर्तमानपत्रं आणि मराठीच्या भवितव्याविषयीचे चिंतातुर लेख हे सगळं चित्ररूपात पाहिलं. शिवाय चित्रांना डेटा जास्त लागे, म्हणजे मराठी वाचणं इंग्रजी वाचण्यापेक्षा महाग पडे. तरीही लोकांनी ते केलं. भाषेवरच्या प्रेमाचे पुरावे गोळा करणाऱ्यांनी हाही एक नोंदवून ठेवायला हरकत नाही.

या ऑपेराचे संस्थापक योन फॉन टेट्झ्नर हे गृहस्थ मला फार आवडतात. एप्रिल २००५ मध्ये ऑपेराची आठवी आवृत्ती आली, कॉम्प्युटरवरची. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की पहिल्या चार दिवसांत दहा लाख डाउनलोड झाले तर मी नॉर्वेहून अमेरिकेपर्यंत पोहत जाईन. वाटेत फक्त आइसलँडला आईकडे गरम चॉकलेट प्यायला थांबेन. दहा लाख झाले. आता शब्द पाळणं आलं. साहेब खरोखर थंडगार पाण्यात उतरले. सोबतीला जनसंपर्क अधिकारी रबरी होडीत बसून निघाले होते. थोड्याच अंतरावर होडीत पाणी शिरलं आणि अधिकाऱ्यांना वाचवायला साहेबांनाच जावं लागलं. मोहीम तिथेच आटोपली. ब्राउझरांच्या स्पर्धेत कुणी स्वतःच्या अंगावर पाणी घेतल्याचा मला माहीत असलेला हा एकमेव प्रसंग. बाकी सगळे वकील पाठवतात.

ऑपेरानंतर आपल्याकडे यूसी ब्राउझरचं राज्य आलं. चीनच्या ग्वांगझूची कंपनी, २०१४ साली ती अलिबाबाने विकत घेतली. यूसीने भारतीय माणसाचा अभ्यास चांगला केला होता. डाउनलोड अर्ध्यात तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करायचं, क्रिकेटचा स्कोअर न मागता द्यायचा, आणि पानाच्या खाली 'हे पाहून तुमचा विश्वास बसणार नाही' छापाच्या बातम्यांची अखंड माळ सोडायची. काही काळ भारताच्या मोबाइलांवर हा क्रमांक एकचा ब्राउझर होता. मग २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात यूसीही गेलं. टिकटॉकसाठी लोकांनी अश्रू ढाळले, निरोपाचे व्हिडिओ केले. यूसीसाठी कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तर बंदीची बातमी यूसीवरच वाचली आणि म्हणाले, "बरं झालं, फार जाहिराती यायच्या त्या टिकटॉकमध्ये."

आता घराण्यांकडे वळू, कारण खरी करमणूक तिथे आहे.

केडीई नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या हौशी मंडळींनी केएचटीएमएल नावाचं एक इंजिन लिहिलं होतं. पान आणून पडद्यावर मांडणारा आतला यंत्रभाग म्हणजे इंजिन. ॲपलने ते उचललं, त्यातून वेबकिट घडवलं, २००३ साली त्यावर सफारी उभा केला आणि २००७ मध्ये तो आयफोनमध्ये बसवला. गूगलने २००८ साली क्रोम काढताना तेच वेबकिट घेतलं, आणि २०१३ मध्ये वेगळी चूल मांडून त्याचं नाव ब्लिंक ठेवलं. त्याच वर्षी आपल्या पोहणाऱ्या ऑपेराने स्वतःचं इंजिन सोडून दिलं आणि गूगलचं बसवलं. २०१८ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनेही हात टेकले. आज एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर, हे सगळे आतून क्रोमचे सख्खे नाही तरी चुलतभाऊ. गेको नावाचं वेगळं इंजिन घेऊन उभा आहे तो फायरफॉक्स, आणि तोही आयफोनवर गेला की ॲपलच्या नियमाप्रमाणे गेको दाराबाहेर ठेवून वेबकिट पांघरतो. आयफोनवर क्रोम वापरून ॲपलला धडा शिकवणारे लोक मला भेटतात. त्यांच्या आनंदावर मी विरजण घालत नाही. पाटी क्रोमची असते, आत वेबकिटच असतं.

आणि हे ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाच्या दारात गेल्यावर स्वतःची ओळख कशी करून देतात ते ऐकण्यासारखं आहे. अँड्रॉइडवरचा क्रोम सांगतो: मी मोझिला ५.०, अँड्रॉइड, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, मोबाइल सफारी. स्वतःचं नाव मध्येच कुठेतरी. लग्न जमवायला बसलेले काका जसे मुलाचा पगार सांगायच्या आधी कुणाकुणाशी सोयरीक आहे ते सांगून घेतात, त्यातलाच हा प्रकार. यामागे इतिहास आहे. नेटस्केपचा ब्राउझर मोझिला या नावाने ओळख देई आणि काही संकेतस्थळं चांगली पानं फक्त त्यालाच वाढत. म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर दारात येऊन म्हणाला, मीही मोझिलाच. मग गेकोची चलती झाली, तेव्हा केएचटीएमएलवाले म्हणाले, आम्ही गेकोसारखे. सफारीने ते वाक्य तसंच उचललं. क्रोम आला आणि म्हणाला, मी वरचे सगळे, शिवाय सफारी. खोटं बोलण्याची शिक्षा कुणालाच झाली नाही, खरं बोलणाऱ्याला मात्र हटकून जुनाट पान मिळालं.

यात मायक्रोसॉफ्टची कथा सर्वांत करुण. २०१४ साली विंडोज फोन ८.१ च्या सुधारित आवृत्तीत त्यांचा ब्राउझर दारात जाऊन काय सांगे, तर मी विंडोज फोन, अँड्रॉइड ४.०, आणि आयफोनसारखा. एकाच श्वासात. एवढ्या मोठ्या कंपनीला बोटातली अंगठी काढून शेजाऱ्याची घालावी लागली. कारण मोबाइलची संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी फक्त आयफोन आणि अँड्रॉइड एवढेच पाहुणे गृहीत धरले होते. तो फोन पुढे बंदच झाला.

पण कोणता ब्राउझर चालणार हे कंपन्या किंवा न्यायालयं ठरवतात असं ज्यांना वाटतं ते कधी ई-सेवा केंद्रात गेलेले नसतात. तिथल्या खुर्चीवरचा तरुण म्हणतो, "ह्यात नाही होणार, काका. मोझिलात करतो."

"का बरं?"

"साइटच तशी आहे. फॉर्म मोझिलात भरायचा, फोटो दुसऱ्यात चढवायचा, पावतीची प्रिंट परत ह्यात."

"आणि मोबाइलवरून केलं तर?"

"होतं की. 'डेस्कटॉप साइट'वर टिक करायची, फोन आडवा धरायचा, आणि सबमिट रात्री अकरानंतर करायचं."

हे ज्ञान कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केलं, पण काही संकेतस्थळांच्या तळाशी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसेल' ही ओळ अजून तेवत असते. १०२४ बाय ७६८ हा आकडा आता फोनच्या पडद्यालाही कमी पडतो.

खासगी धंद्यांचं वागणं याच्या उलट. त्यांना ब्राउझरच नकोसा झाला होता. २०१५ साली मिंत्राने आपलं संकेतस्थळ बंद करून टाकलं. कपडे हवेत तर ॲप घ्या. फ्लिपकार्टनेही मोबाइलवरचं संकेतस्थळ काढून लोकांना ॲपकडे पिटाळायला सुरुवात केली. लोकांच्या फोनमध्ये लग्नाचे फोटो आणि सुप्रभातचे संदेश भरून एक इंचही जागा उरलेली नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. फ्लिपकार्ट त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात 'लाइट' नावाने ब्राउझरमध्ये परतलं, मिंत्राचं संकेतस्थळ २०१६ च्या जूनमध्ये. तेव्हापासून तडजोड अशी आहे की संकेतस्थळ उघडू देतात, पण दर तीन बोटं सरकवल्यावर खालून पट्टी वर येते: ॲपमध्ये अधिक छान दिसेल. नको म्हणायची फुली मुंगीच्या डोळ्याएवढी असते.

आता पैशाचं. २०२२ या एका वर्षात गूगलने ॲपलला २,००० कोटी डॉलर दिले. आपल्या हिशेबात दीड लाख कोटी रुपयांच्या पुढे. कशासाठी? सफारीच्या शोधपट्टीत आधीपासून गूगल बसलेलं असावं, एवढ्यासाठी. ही सेटिंग कुणालाही दोन मिनिटांत बदलता येते. पण ती कुणी बदलत नाही, हे ओळखण्याची किंमत दीड लाख कोटी. आमच्या सोसायटीत मी फुकट सांगितलं असतं.

हा आकडा बाहेर आला तो अमेरिकेतल्या खटल्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी, गुजरातेतल्या पाटणला जन्मलेले हे गृहस्थ, गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. मग सरकारी वकील म्हणाले, क्रोम विकायला लावा. हे ऐकून पुढे पर्प्लेक्सिटी या नव्या कंपनीने ३,४५० कोटी डॉलर देऊ केले, जे तिच्या स्वतःच्या मूल्यापेक्षा जास्त होते आणि क्रोम विकायला काढलेलाच नव्हता. तरी बोली लावायला काय जातं! सप्टेंबर २०२५ मध्ये मेहतांनी सांगितलं, क्रोम विकायची गरज नाही.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. आरोपांत एक हाही, की फोन घेतला की क्रोम आणि मंडळी आतच बसलेली असतात. मला त्या ७६ लाखांचं विशेष कौतुक वाटतं. म्हणजे कुणीतरी खरंच हिशेब केला.

युरोपात वेगळाच मार्ग. तिथे ग्राहकाला निवड द्यायची असं ठरलं आणि २०२४ च्या मार्चपासून आयफोनवर सफारी पहिल्यांदा उघडला की ब्राउझरांची यादी समोर येते, कुठलाही क्रम न ठेवता, कुणावर अन्याय नको म्हणून. गाडी किती लेट आहे हे बघायला फोन काढलेल्या माणसाला आधी दहाबारा अनोळखी उमेदवारांतून एक निवडायचा. अशीच यादी पूर्वी विंडोजवर दाखवायची मायक्रोसॉफ्टने कबूल केली होती, पण मधल्या काळात ती चौकट लाखो कॉम्प्युटरांवर दिसायचीच बंद झाली. कंपनी म्हणाली, तांत्रिक चूक. युरोपने २०१३ साली ५६.१ कोटी युरोंचा दंड लावला. ती चौकट वर्षभराहून अधिक काळ गायब होती आणि एकाही ग्राहकाने "माझी यादी कुठे गेली?" म्हणून आरडाओरडा केल्याचं ऐकिवात नाही.

स्वदेशी प्रयत्नही झाले. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, बक्षिसं मिळून ३.४१ कोटी रुपये. मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिलं, एक कोटीचं बक्षीस मिळालं. त्यांचा उला ब्राउझर सुबक आहे, माहिती चोरत नाही म्हणतात, आणि मी तो हौसेने घेतला. आत इंजिन कुणाचं, हे वाचकांच्या एव्हाना ध्यानात आलं असेल.

आमच्या घराण्यात मात्र ब्राउझरचा सर्वांत मोठा वापर साताऱ्याची आत्या करते. परवा तिचा फोन संथ झाला म्हणून हातात घेतला, तर वरच्या छोट्या चौकोनात जिथे उघड्या पानांचा आकडा असतो तिथे कोलन आणि डी, म्हणजे हसरा चेहरा. क्रोममध्ये उघडी पानं नव्व्याण्णवच्या पुढे गेली की तो मोजणं सोडून देतो आणि हसतो. खाली सरकवत गेलो. रेशन कार्डाचा अर्ज, आमसुलाचे फायदे, सोन्याचा भाव, पुन्हा सोन्याचा भाव, एका मालिकेचा शेवट, गुडघेदुखी, सोन्याचा भाव.

"आत्या, ही पानं बंद करू का सगळी? फोन हलका होईल."

"अरे, राहू दे. लागतात मला."

"हा सोन्याचा भाव दोन वर्षांपूर्वीचा आहे."

"तोच राहू दे," आत्या म्हणाली. "तेव्हा स्वस्त होतं."